सातारा-सांगलीचे मुंबईतील श्रमिक

सातारा-सांगलीचे मुंबईतील श्रमिक : पश्चिम महाराष्ट्रातील सातारा व सांगली या जिल्ह्यांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईत जाऊन कापडगिरण्या, गोद्या, रेल्वेचे मालधक्के व घाऊक बाजारपेठा यांत काम करणारा श्रमिकवर्ग. मुंबईच्या बोलभाषेत या लोकांना ‘सातारकर’ किंवा ‘घाटावरचे’ म्हणत. त्यांतूनच ‘घाटी’ हा हेटाळणीचा शब्दही रूढ झाला. ब्रिटिश अंमलातील सातारा जिल्ह्यात वाळवा, शिराळा, तासगाव व खानापूर या आजच्या सांगली जिल्ह्यातील भागांचा समावेश होता. १९४९ मध्ये जिल्ह्याचे विभाजन होऊन उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे जुन्या नोंदींतील ‘सातारा’ या नावात दोन्ही जिल्ह्यांतील लोक अंतर्भूत असतात.

या स्थलांतराचे प्रमुख वैशिष्ट्य असे, की ते दीर्घकाळ कुटुंबाचे स्थलांतर नव्हते. ते कुटुंबातील कर्त्या पुरुषाचे होते. शहराने माणसाची उमेदीची वर्षे घेतली. त्याचे बालपण, आजारपण व वार्धक्य यांचा भार गावाने वाहिला. शहराच्या अर्थव्यवस्थेस स्वस्त श्रम मिळाले, ते पुष्कळ अंशी गावाकडील शेतीने व तेथे राहिलेल्या स्त्रियांनी त्या श्रमाचा उरलेला खर्च सोसल्यामुळे, असे या इतिहासावरून दिसून येते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मेक्सिकोतून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लोहमार्गांवर कामास गेलेल्या मजुरांचा प्रारंभही असाच हंगामी व एकट्या पुरुषांचा होता. तथापि त्यांनी राष्ट्राची सीमा ओलांडली होती. सातारकरांनी केवळ घाट ओलांडला. त्यामुळे त्यांच्या जाण्यायेण्याची वेगळी अशी सरकारी नोंद झाली नाही. जनगणनेतील ‘जन्मस्थळ’ हा रकाना हीच त्यांची मुख्य नोंद होय.

भौगोलिक व आर्थिक पार्श्वभूमी : या दोन जिल्ह्यांचे स्थूलमानाने तीन भाग पडतात. पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगांतील जावळी, पाटण, शिराळा हा अतिपर्जन्याचा डोंगराळ प्रदेश. मध्यभागी कृष्णा व तिच्या उपनद्यांचे सुपीक खोरे. आणि पूर्वेस माण, खटाव, खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ, जत हा पर्जन्यछायेतील अवर्षणप्रवण टापू. बाहेर जाणारा माणूस मुख्यतः पहिल्या व तिसऱ्या भागांतील असे. डोंगराळ भागात पाऊस भरपूर असला, तरी उताराची जमीन थोडी व हलकी असून तिच्या वाटण्या होत गेल्याने भात-नाचणीचे उत्पन्न कुटुंबास वर्षभर पुरत नसे. पूर्वेकडील भागात जमीन अधिक होती. परंतु पावसाचा भरवसा नव्हता. अशा रीतीने एका टोकास जमिनीचा तुटवडा व दुसऱ्या टोकास पाण्याचा तुटवडा ही स्थलांतराची दोन भिन्न कारणे एकाच जिल्ह्यात नांदत होती.

साताऱ्याचे राज्य १८४८–४९ मध्ये खालसा झाल्यानंतर दरबार, फौज व गडकोट यांवर उपजीविका करणाऱ्या अनेक घराण्यांचा आधार गेला. रयतवारी पद्धतीत जमीनमहसूल रोख भरावा लागे. सावकाराचे कर्ज हे त्यावरील नेहमीचे साधन असे. १८७६–७८, १८९६–९७ व १८९९–१९०० या दुष्काळांनी ही घडी पार विस्कटली. जनावरे गेली, बियाणे संपले आणि दुष्काळी कामांवर खडी फोडण्याखेरीज मार्ग उरला नाही. पावसाच्या अभावी गाव रिकामे होण्याचे चित्र व्यंकटेश माडगूळकर यांच्या बनगरवाडी (१९५५) या कादंबरीत येते; माडगूळकर याच माणदेशातील होत. इंग्रज सरकारने नेमलेल्या कामगारविषयक राजकीय आयोगानेही (१९२९–३१) हिंदी कामगार शहराच्या ओढीने नव्हे, तर गावाकडील परिस्थितीच्या रेट्याने बाहेर पडतो, असा निष्कर्ष काढला होता.

रोख पैशाचे दुसरे साधन लष्करातील नोकरी हे होते. मराठा पलटणींतील भरतीचा सातारा हा महत्त्वाचा जिल्हा असून अपशिंगे या गावास तेथील सैनिकी परंपरेमुळे ‘अपशिंगे (मिलिटरी)’ असे नावच पडले. एकाच घरातील एक भाऊ पलटणीत, दुसरा गिरणीत व तिसरा शेतावर, अशी विभागणी अनेक घरांत आढळे.

लोहमार्ग व प्रवास : लोहमार्ग येण्यापूर्वी कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरावे व तेथून गलबताने मुंबई गाठावी, हा मालाचा व माणसांचा एक मार्ग होता. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये खुला होऊन मुंबई व पुणे सलग जोडली गेली. पुणे–मिरज हा मीटरमापी मार्ग १८८६–८७ च्या सुमारास टप्प्याटप्प्याने सुरू झाला व १८९१ मध्ये मिरज–कोल्हापूर मार्ग त्यास मिळाला. वाठार, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड, शेणोली, ताकारी, भिलवडी ही स्थानके आसपासच्या खेड्यांची मुंबईकडे जाणारी दारे ठरली. सातारा शहर मात्र या मार्गापासून दूर राहिले. पाटण खोऱ्यातील माणूस पायी किंवा बैलगाडीने कराडपर्यंत येई, मीटरमापी गाडीने पुणे गाठी व तेथे गाडी बदलून मुंबईस जाई. पुणे–मिरज मार्गाचे रुंदमापी मार्गात रूपांतर १९७१ च्या सुमारास पूर्ण झाले. तोवर पुण्यास वळकटी व ट्रंक घेऊन गाडी बदलणे हा प्रत्येक सातारकराच्या अनुभवाचा भाग होता. १९५० नंतर राज्य परिवहनाच्या गाड्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या व डोंगरी भागातील लोकांचा पायी प्रवास कमी झाला.

लोहमार्गामुळे जाणे सोपे झाले, त्याहून महत्त्वाचे म्हणजे परत येणे सोपे झाले. पेरणी-कापणीस, लग्नास, गावच्या यात्रेस व आजारपणात माणूस घरी येऊ शकत असल्यानेच गाव न सोडता शहरात राहणे शक्य झाले. याच मार्गाने संकटेही आली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उघडकीस आल्यावर लाखो लोक शहर सोडून गेले. स्थानकांवर प्रवाशांची तपासणी होत असतानाही साथ दख्खनमध्ये पसरली व सातारा जिल्ह्यास तिची मोठी झळ पोहोचली.

आगगाडीने एका डब्यात बसविलेली माणसे स्थानकाबाहेर पडताच पुन्हा जातींत विभागली जात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९०१ मधील आपल्या बालपणीचा एक प्रसंग आठवणींत नमूद केला आहे. त्यांचे वडील खटाव तालुक्यात दुष्काळग्रस्तांसाठी चाललेल्या तलावाच्या कामावर रोखपाल होते. साताऱ्याहून त्यांच्या भेटीस निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरली. परंतु ती महार असल्याचे कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन व बैल मुलांनीच हाकावेत या अटीवर गाडी मिळाली. पुढे १९०४ च्या सुमारास हे कुटुंब साताऱ्याहून मुंबईस गेले व परळच्या कामगारवस्तीत राहिले. अस्पृश्य समाजातील स्थलांतरितांना शहराचे आकर्षण केवळ मजुरीचे नव्हते. गावकीच्या कामातून व वेठीतून सुटका हाही त्यात एक हेतू असे.

गिरण्या व वस्ती : मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली व १८५६ मध्ये तिच्यातून उत्पादन सुरू झाले. गिरण्यांच्या मजूरवर्गात रत्नागिरी जिल्ह्यातील लोकांचे प्रमाण सर्वाधिक होते व त्याखालोखाल सातारा, पुणे इ. देशावरील जिल्ह्यांचा क्रम लागे. १९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईच्या लोकसंख्येपैकी सु. ८४ टक्के लोक शहराबाहेर जन्मलेले होते व हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सु. ५२५ एवढीच होती. १९६१ मध्येही बाहेर जन्मलेल्यांचे प्रमाण सु. ६४ टक्के होते.

नोकरी गिरणीच्या कचेरीत नव्हे, तर फाटकाबाहेर मिळे. मजूर भरती करणे, रजा देणे, कामावरून काढणे हे अधिकार व्यवहारात जॉबर किंवा मुकादम यांच्याकडे असत. मुकादम आपल्या गावची, भावकीची व जातीची माणसे भरी. त्यामुळे एका गावचे लोक एका गिरणीच्या एकाच खात्यात एकवटलेले दिसत. नव्याने आलेल्यास प्रारंभी ‘बदली’ म्हणून काम करावे लागे. कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशीच त्याला रोज मिळे. या काळात त्याचे जेवण व झोपण्याची जागा यांची सोय गाववाले करीत आणि हीच त्याची एकमेव विमायोजना होती. या आधाराची दुसरी बाजूही होती. मुकादमास दस्तुरी द्यावी लागे आणि गिरणीतील भांडण गावापर्यंत व गावातील भांडण गिरणीपर्यंत पोहोचे.

खात्यांची विभागणीही जातिनिरपेक्ष नव्हती. विणकामात धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. विटाळाच्या कल्पनेमुळे अधिक मजुरीच्या या खात्यात अस्पृश्य कामगारांस प्रवेश मिळत नसे व त्यांना मुख्यत्वे सूतकताईच्या खात्यात काम करावे लागे. डॉ. आंबेडकर यांनी १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडला होता.

वस्ती गिरणगावात, म्हणजे लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, वरळी, डिलाईल रोड या भागांत होती. शासनाच्या विकास खात्याने १९२०–३० या दशकात वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे बांधलेल्या सु. दोनशे चाळी ‘बीडीडी चाळी’ या नावाने प्रसिद्ध आहेत. त्यांतील खोली सु. १६० चौ. फुटांची असे. एका खोलीत एका कुटुंबाऐवजी एकाच गावचे दहा-पंधरा पुरुष भाडे वाटून घेऊन राहत. पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या पाळीचे लोक आळीपाळीने झोपत. उरलेल्यांचे अंथरूण ओट्यावर, जिन्यात किंवा पदपथावर पडे. ही ‘गावाची खोली’ पुढे अनेक ग्रामस्थ मंडळांचे केंद्र बनली.

एकट्या पुरुषांच्या जेवणाची व्यवस्था खानावळवाल्या बाई करीत. या बहुधा स्थलांतरितांपैकीच कोणाच्या पत्नी, विधवा किंवा टाकलेल्या स्त्रिया असत. महिन्याच्या बोलीवर त्या दहा-वीस जणांस जेवू घालत; मात्र त्यासाठी किराणा दुकानदाराकडून व सावकाराकडून चढ्या व्याजाने उधारी घेत. संपाच्या काळात कामगारांची उधारी थकली, की प्रथम बुडे ती खानावळ. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे या स्त्रियांस बँकेचे कर्ज मिळू लागले. कामगार चळवळीच्या इतिहासात संपकऱ्यांची नोंद झाली. संप पोटावर निभावून नेणाऱ्या या स्त्रियांची मात्र क्वचितच झाली.

गावाकडील संसार : टपाल खात्याची मनीऑर्डर पद्धत १८८० मध्ये सुरू झाली व डोंगरी आणि दुष्काळी भागांतील अनेक घरांचे अंदाजपत्रक तिच्यावर चालू लागले. या पैशातून प्रथम सावकाराचे देणे फिटे, नंतर धान्य, लग्नकार्य, विहीर, बैल व घर असा क्रम लागे. जमिनीत भांडवल म्हणून गुंतविण्याएवढी रक्कम फारच थोड्यांकडे उरे. तरीही गावची जमीन कोणी विकत नसे. कारण गिरणीतून काढल्यास, क्षयाने अंथरूण धरल्यास किंवा वय झाल्यास जाण्याचे ठिकाण तेवढेच होते. निवृत्तिवेतन नसलेल्या कामगाराचे निवृत्तिवेतन म्हणजे त्याचे दोन बिघे रान, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

शेतीची प्रत्यक्ष जबाबदारी स्त्रियांवर पडली. नांगरट भावकीतील पुरुषाकडून किंवा मोलाने करून घेऊन पेरणी, खुरपणी, काढणी, जनावरे, सासू-सासऱ्यांची सेवा व मुलांचे संगोपन ही सर्व कामे त्यांनी सांभाळली. सातबारावर नाव मात्र सासऱ्याचे, पतीचे किंवा दिराचे राही. त्यामुळे कर्ज, पीकविक्री वा वाटणी यांत तिचा शब्द चालत नसे. मुंबईत पतीने दुसरा संसार केल्यास तिच्याजवळ कायद्याचा उपाय असला, तरी तो वापरण्याचे साधन नसे. सातारा जिल्ह्यात स्वातंत्र्योत्तर काळातील जनगणनांत १९९१ पर्यंत हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या हजाराहून अधिक होती. २०११ मध्ये ती ९८८ झाली. या बदलात पुरुषांच्या एकट्याने जाण्यात झालेली घट हे एक कारण असले, तरी मुलींचे घटलेले जन्मप्रमाण हे दुसरे व गंभीर कारण आहे.

सार्वजनिक जीवन व कला : प्रत्येक मोठ्या गावाचे मुंबईत ग्रामस्थ मंडळ असे. गावातील शाळेची इमारत, देवळाचा जीर्णोद्धार, पाण्याची टाकी, मृताचे अंत्यविधी व निराधार कुटुंबास मदत यांसाठी मासिक वर्गणी गोळा केली जाई. कोकणी चाकरमान्याची गावास जाण्याची वेळ गणेशोत्सव व शिमगा ही, तर सातारकराची वेळ ग्रामदैवताची यात्रा ही होय. पालचा खंडोबा, शिखर शिंगणापूरचा शंभुमहादेव व औंधची यमाई यांच्या यात्रांस मुंबईकरांची गर्दी होई. गिरणगावातील भजनी मंडळे, तालमी व कुस्तीचे फड यांतही देशावरील कामगारांचा मोठा वाटा होता.

तमाशास मुंबईत जो प्रेक्षक मिळाला, तो याच वर्गातून. प्रसिद्ध शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) हे वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे होते. त्यांच्या व पवळेच्या तमाशाने मुंबईची रंगभूमी गाजविली. याच तालुक्यातील वाटेगाव येथे जन्मलेले अण्णा भाऊ साठे (१९२०–६९) १९३०–४० या दशकाच्या प्रारंभी कुटुंबासह पायी मुंबईस आले. हमाली व गिरणीकाम करीत त्यांनी लेखन-वाचन आत्मसात केले आणि १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गावी राहिलेली स्त्री व मुंबईत आलेला पुरुष यांची ताटातूट हे रूपक त्यांनी सीमाभागाच्या वियोगासाठी योजिले. हजारो कामगारांच्या घरची ती वस्तुस्थिती असल्याने त्याचा परिणाम विलक्षण झाला. त्यांची फकिरा (१९५९) ही कादंबरी वाटेगाव परिसराच्या जीवनावर आधारलेली आहे.

माथाडी कामगार : गिरणीतील कामगारास मुकादमाचा जाच असला, तरी त्याच्या डोक्यावर छप्पर, हजेरीचा कागद व कारखाना कायद्याचे काहीएक संरक्षण होते. मशीद बंदर, वाडी बंदर, कर्नाक बंदर येथील गोदामांत, रेल्वेच्या मालधक्क्यांवर व घाऊक बाजारांत ओझी वाहणाऱ्यांस यांपैकी काहीच नव्हते. माथ्यावर ओझे वाहणारा म्हणून ‘माथाडी’ हे नाव पडले. पाटण, जावळी, वाई इ. तालुक्यांतील लोक या कामात विशेष संख्येने होते. क्विंटलभर वजनाचे पोते पाठीवर किंवा डोक्यावर घेऊन वाघिणीतून गोदामात न्यावयाचे, थप्पी लावावयाची व पुन्हा फोडावयाची, असे हे काम असे. मजुरी नगावर ठरे व टोळीच्या मुकादमामार्फत वाटली जाई. मालक कोण, या प्रश्नास उत्तर नव्हते. व्यापारी वाहतूकदाराकडे, वाहतूकदार मुकादमाकडे व मुकादम व्यापाऱ्याकडे बोट दाखवी. त्यामुळे पाठ मोडली किंवा पोत्यांची थप्पी अंगावर पडली, तर भरपाई मागावयाची कोणाकडे, हेच ठरत नसे.

या कामगारांस संघटित करण्याचे श्रेय प्रामुख्याने अण्णासाहेब पाटील (१९३३–८२) यांचे आहे. पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळे हे त्यांचे गाव. मुंबईत स्वतः हमाली केलेल्या पाटील यांनी टोळ्यांनाच संघटनेचे घटक मानले. गावकी व भावकी यांवर उभी असलेली टोळी त्यांनी मोडली नाही. तिलाच वेतनवाढीच्या लढ्याचे साधन बनविले. त्यांच्या संघटनेने केलेल्या आंदोलनांतून ‘महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९’ हा कायदा अस्तित्वात आला. त्या वेळी वसंतराव नाईक हे मुख्यमंत्री होते.

या अधिनियमाचे मर्म असे, की मालक निश्चित करण्याचा वाद बाजूस ठेवून त्याने कामगार व काम देणारे यांच्यामध्ये एक वैधानिक मंडळ उभे केले. शासन, मालक व कामगार यांचे प्रतिनिधी असलेल्या या मंडळाकडे दोघांचीही नोंदणी होते. काम करवून घेणारा मजुरी व तिच्यावरील ठराविक टक्क्यांची लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ कामगारास वेतन देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, भरपगारी रजा, बोनस, वैद्यकीय मदत व अपघाताची भरपाई यांची तरतूद करते. किराणा बाजार, कापड बाजार, लोखंड व पोलाद बाजार, भाजीपाला बाजार, रेल्वे मालधक्के अशा व्यवसायांसाठी निरनिराळी मंडळे स्थापन झाली. असंरक्षित कामगारांस सामाजिक सुरक्षा देणाऱ्या देशातील पहिल्या कायद्यांत त्याची गणना होते. केरळमध्ये ओझेवाहू कामगारांसाठीचा कायदा १९७८ मध्ये झाला. [⟶ कामगार कायदे, कामगार चळवळी].

या कायद्याने प्रथमच सातारकर हमालास मुंबईत कागदोपत्री अस्तित्व दिले. भविष्यनिर्वाह निधी व कर्ज यांच्या आधारे घर घेता येऊ लागले व कुटुंब गावाहून आणणे शक्य झाले. मुंबईतील घाऊक बाजार १९८० नंतर टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत वाशी-तुर्भे येथे हलविण्यात आले. त्याबरोबर माथाडींची वस्तीही कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली येथे गेली. अण्णासाहेब पाटील यांनी आर्थिक निकषावर आरक्षणाची मागणी करणारा मोर्चा २२ मार्च १९८२ रोजी मुंबईत काढला. दुसऱ्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावे शासनाने १९९८ मध्ये आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी विकास महामंडळ स्थापन केले. अधिनियमाचा लाभ मात्र सर्वांस सारखा झाला नाही. नोंदणीकृत टोळीत जागा मर्यादित असल्याने बाहेर राहिलेले हमाल असंरक्षितच राहिले. शिवाय संघटनेच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्यांच्या तक्रारीही उद्योजकांकडून पुढे आल्या.

कोयना प्रकल्प : या प्रदेशाचे मुंबईशी असलेले नाते केवळ मजुरांपुरते नव्हते. पाटण तालुक्यात कोयना नदीवर १९५६ मध्ये धरणाचे बांधकाम सुरू झाले व १९६०–७० या दशकात तेथील वीज मुंबईस व राज्याच्या इतर भागांस मिळू लागली. शिवाजीसागर जलाशयाखाली पाटण व जावळी तालुक्यांतील अनेक गावे गेली. त्यांतील काही कुटुंबांचे पुनर्वसन ठाणे, रायगड (तेव्हाचा कुलाबा), रत्नागिरी या दूरच्या जिल्ह्यांत झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने याच परिसरात मोठी प्राणहानी झाली. ज्या खोऱ्याने मुंबईस हमाल दिले, त्यानेच तिला वीजही दिली. परंतु वीज गेल्यावर ज्यांचे गावच उरले नाही, त्यांना निवृत्तीनंतर परतण्यासाठी रानही उरले नाही. [⟶ कोयना प्रकल्प].

गलाई व्यावसायिक : पूर्वेकडील अवर्षणग्रस्त तालुक्यांतून झालेल्या स्थलांतराची एक वेगळी शाखा म्हणजे सोने-चांदी शुद्ध करणारे गलाई व्यावसायिक. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ, खटाव व माण या भागांतील हे लोक विसाव्या शतकात भारतभरच्या सराफी पेठांत पसरले. विटा हे त्यांचे प्रमुख केंद्र होय. सोनारांकडील जुने दागिने व कारखान्यातील धूळ-कचरा वितळवून नायट्रिक आम्लाच्या (तेजाबाच्या) साहाय्याने सोने व चांदी वेगळी करणे, हे त्यांचे काम. दिल्लीपासून केरळपर्यंतच्या शहरांत त्यांनी दुकाने थाटली. त्यांची पद्धतही नात्यागोत्याची आहे : गावाहून आलेला मुलगा दुकानात राहून कसब शिकतो व पुढे स्वतःची भट्टी घालतो. मुंबईतील श्रमिक व हा वर्ग यांत महत्त्वाचा फरक आहे. श्रमिकाने देहबळ विकले. गलाईवाल्याने कसब व पत विकली. त्यामुळे त्याच्याकडून गावी आलेला पैसा घरे, शाळा, देवळे, द्राक्षबागा यांत भांडवल म्हणून गुंतविला गेला. आम्लाच्या धुराने होणारे फुप्फुसांचे विकार ही या व्यवसायाची किंमत होय.

१९८२ नंतरचा काळ : डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सु. अडीच लाख गिरणी कामगार सामील झाले. संप लांबला तसे कामगार गावी परतू लागले. जुन्या संपांत गाव हे कामगाराचे बळ होते. गावाकडील धान्यावर तो महिनोन्‌महिने तग धरू शके. या वेळी तेच त्याच्या पराभवाचे ठिकाण ठरले. गेलेल्यांपैकी अनेकांस पुन्हा कामावर घेतले गेले नाही, तर काही गिरण्या उघडल्याच नाहीत. पुढे विकास नियंत्रण नियमांत १९९१ व २००१ मध्ये झालेल्या बदलांनंतर गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे व व्यापारसंकुले उभी राहिली. गिरणी कामगारांसाठीच्या घरांची सोडत २०१२ पासून सुरू झाली. परंतु अर्जदारांच्या मानाने घरे फारच थोडी असल्याने अनेकांची प्रतीक्षा त्यांच्या वारसांकडे गेली आहे. बीडीडी चाळींचा पुनर्विकास २०१७ मध्ये हाती घेण्यात आला.

मार्च २०२० मध्ये कोविड साथीमुळे टाळेबंदी झाली, तेव्हा मुंबईतील सातारा-सांगलीकर पुन्हा मोठ्या संख्येने गावांकडे निघाले. गावच्या शाळांत त्यांना विलगीकरणात ठेवण्यात आले. ज्या शाळांच्या इमारतींस त्यांच्या मंडळांनी वर्गणी दिली होती, त्यांतच कित्येकांस चौदा दिवस काढावे लागले व काही ठिकाणी गावबंदीचाही सामना करावा लागला. १८९६ च्या प्लेगप्रमाणेच या वेळीही संकटसमयी जाण्याचे ठिकाण गाव हेच होते. परंतु पुष्कळांच्या बाबतीत गावी असलेले घर आता कुलपात होते व रान दुसऱ्याच्या वहिवाटीस होते.

सद्यःस्थिती : कृष्णा खोऱ्यातील सहकारी साखर कारखाने, तसेच ताकारी, म्हैसाळ व टेंभू या उपसा सिंचन योजनांमुळे दोन्ही जिल्ह्यांचे आर्थिक चित्र पालटले आहे. एकेकाळी माणसे बाहेर पाठविणाऱ्या या प्रदेशात आता ऊसतोडणीच्या हंगामात मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, कुटुंबेच्या कुटुंबे येतात, तर औद्योगिक वसाहतींत उत्तर भारतातील मजूर काम करताना आढळतात. मुकादमाकडून घेतलेली उचल, पालातील वास्तव्य, मुलांची मोडलेली शाळा व मालक कोण याविषयीची अनिश्चितता हे त्यांचे प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच्या सातारकर श्रमिकांच्या प्रश्नांहून फारसे वेगळे नाहीत. फरक एवढाच, की या वेळी काम देणारा सातारा-सांगलीचा शेतकरी व कारखाना आहे. माथाडी कायद्याने नगावर काम करणाऱ्या फिरत्या मजुरासही सामाजिक सुरक्षा देता येते, हे दाखवून दिले आहे. ऊसतोडणी मजुरांसाठी राज्य शासनाने स्वतंत्र कल्याणकारी महामंडळ स्थापन केले असले, तरी त्या धर्तीचे पूर्ण वैधानिक संरक्षण त्यांना अद्याप लाभलेले नाही.